जानेवारीतलं दार

"म्हणजे ऐकणार कोण, तुम्ही की आणखी कुणी?" मुरोताने विचारलं, आणि कानाएने कानाला टेकवलेला हेडफोन खाली घेतला. क्योतोच्या तेरामाची रस्त्यावरच्या त्या जुन्या दुकानाच्या दुसऱ्या मजल्यावरची ही ऐकण्याची खोली. भिंतींना जाड कापड, जमिनीवर गालिचा, मधोमध एकच खुर्ची. समोर कमरेइतक्या उंचीचे दोन स्पीकर, अक्रोडी लाकडाचे, लग्नाला आलेल्या दोन गंभीर मामांसारखे उभे. बाजूच्या तिवईवर हेडफोन, कातडी गाद्यांचा, मखमलीवर ठेवलेला. दोन्हींची किंमत जवळपास सारखी. तीस वर्षं दातांच्या कवळ्या घडवून निवृत्त होताना कानाएच्या जे काही हाती आलं, त्यातून यांपैकी एकच काहीतरी घरी येणार होतं. हा चौथा शनिवार. दुकानातला विक्रेता मुरोता चाळिशीचा, सभ्य माणूस, प्रत्येक वेळी तोच चहा, तीच तबकडी, तेवढाच संयम. आज त्याने पहिल्यांदाच असं काही विचारलं होतं, कारण कानाए आज पहिल्यांदाच हेडफोन डोक्याला न लावता हातात धरून, त्याची फक्त उजवी वाटी कानाला टेकवून ऐकत होती. "दुसऱ्या बाईंसाठी," ती म्हणाली. "त्यांना उजव्या कानाने थोडं ऐकू येतं." आणि हे बोलता बोलताच तिच्या मनात आलं की 'येतं' असं आपण म्हणतोय ते महिन्यापूर्वीच्या भरवशावर. चार शनिवार. चार शनिवार आपण इथे बसून तार जाड बरी की बारीक बरी याचा काथ्याकूट करतोय, आणि तिकडे तो एक कान रोज थोडा थोडा विझत असणार.

सोनोए, तिची धाकटी बहीण, फोनवर म्हणालीच होती. "ताई, तू नवरा निवडताना एवढा विचार केला असतास तर एव्हाना तुला नातवंडं असती." "नवरा निवडताना मी एवढाच विचार केला," कानाए म्हणाली, "म्हणून तर नाहीयेत." सोनोए ओत्सूला राहते, तळ्याकाठी, नवरा, दोन मुलगे, एक कुत्रा, आणि घरात दिवसभर टीव्ही चालू. तिच्या घरात कानाए अर्धा तासही बसू शकत नाही. "निवृत्तीचे पैसे कानात घालणार म्हणजे तू," सोनोए म्हणाली. "घाल बाई. आई असती तर तिने दातात घातले असते." आणि दोघी हसल्या, कारण आईचे दात हा त्यांच्या घरातला तीस वर्षांचा विनोद होता. मुलगी कवळ्या बनवणारी आणि आई मात्र शेवटपर्यंत म्हणायची, तुझी कवळी टोचते, मला दुकानातली आण.

आई गेली त्या वर्षीची गोष्ट. नऊ वर्षं झाली. आईच्या आजारपणात सहा वर्षं घरात आवाज म्हणून नव्हता. आईला आवाज सहन व्हायचा नाही. चमचा बशीवर वाजला तरी कपाळाला आठी. कानाए कामावरून यायची, तिथे दिवसभर घासण्याचं यंत्र कानाशी गुणगुणलेलं असायचं, आणि घरी आल्यावर पायमोज्यांनी चालायचं, दार हाताने धरून लावायचं, शिंक आली तर उशीत. वसंतात आई गेली. पावसाळा गेला, उन्हाळा गेला, आणि नोव्हेंबरात एके दिवशी कानाए याच दुकानात शिरली, जिना चढून वर आली, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न विचारता एक वस्तू विकत घेतली. स्पीकर. एवढे मोठे नव्हे, गुडघ्याएवढे. रविवारी दुपारी तीन वाजता, कामं आटोपून, तिने चेलोची एक तबकडी लावली. एकटाच वाजवणारा माणूस, बाकी कुणी नाही. पहिला स्वर खोलीत आला तेव्हा तिला वाटलं कुणीतरी आत आलं, बूट काढून, हळूच, आणि जमिनीवर बसलं. ती रडली नाही. पण तिने हात मांडीवर ठेवले आणि ते तिथून हललेच नाहीत.

आणि मग दार सरकलं. शेजारचं. निशिजिन या विणकरांच्या भागातली ही जुनी जोडघरं, अरुंद आणि खोल. दोन घरांच्या मध्ये एकच मातीची भिंत, मागे दोन छोट्या बागा आणि त्यांच्यामध्ये बांबूचं कुंपण. त्सुजिमुराकाकूंच्या घराचं बागेकडचं काचेचं दार, लाकडी खोबणीत अडखळत, काचा खुळखुळत सरकलं आणि ठक करून थांबलं. कानाएचा हात मांडीवरून उठला. अर्ध्या तासाने तबकडी संपली, आणि थोड्या वेळाने दार परत सरकलं. पुढच्या रविवारी तसंच. त्याच्या पुढच्या रविवारीही. संगीत सुरू झालं की दोन-तीन मिनिटांत ते दार, संपलं की परत ते दार. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. प्रत्येक रविवारी कानाए आवाज थोडा कमी करायची आणि प्रत्येक रविवारी दार सरकायचं. आधी ती ऐकायची चेलो. मग ती ऐकायला लागली दाराचाच आवाज. काकू म्हणजे आईची मैत्रीण. दोघी एकाच कारखान्यात मागावर बसलेल्या, तरुणपणी. काकूंच्या नजरेतून तिने स्वतःकडे पाहिलं आणि तिला स्पष्ट दिसलं: आई जाऊन वर्ष नाही झालं आणि ही पोर गाणी लावून बसली. आम्ही थंडीत दार लावून घेतो, तरी हिला कळत नाही.

फेब्रुवारीत ती आझुकीच्या, लाल डाळीच्या गोड वड्यांची पेटी घेऊन काकूंच्या उंबऱ्यात गेली. पेटी जड होती. माफीची पेटी जडच असायला हवी. कंबरेतून वाकून ती म्हणाली, "इतके दिवस आवाजाचा त्रास दिला, क्षमा असावी. यापुढे होणार नाही." काकू आतल्या पायरीवर गुडघे टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, त्रास कसला, अजिबात नाही." "नाही, फार अविचार झाला माझा." "छे छे, उलट." "काळजी घेईन." "तू कशाला एवढं मनावर घेतेस." अशा पाच-सात फेऱ्या झाल्या. मग काकूंनी पेटी घेतली, कानाए मागे मागे सरकत बाहेर आली, दार लागलं. या शहरात कुणीही 'अजिबात नाही' म्हणतं तेव्हा त्याचा अर्थ काय घ्यायचा हे लहानपणापासून माहीत असतं. शेजारी 'या ना आत' म्हणाला म्हणून कोणी आत जात नाही. कानाएने दुसऱ्याच शनिवारी स्पीकर याच दुकानात परत विकले आणि हेडफोन घेतला.

हेडफोन वाईट होता असं नाही. उलट. हेडफोनमध्ये तिला चेलोवाल्याचा श्वास ऐकू यायचा, बोट तारेवरून सरकताना होणारी खरखर, खुर्ची जरा करकरलेली. सगळं इतकं स्पष्ट की जणू ती त्याच्या छातीत बसली आहे. पण तो खोलीत येऊन बसला, तसं पुन्हा कधी झालं नाही. आता ऐकताना खोली बाहेर राहायची. कानाए तेवढी आत. डोळे उघडले की समोरचं कपाट, चहाची किटली, आईचा फोटो, सगळं मुकं, पाण्याखाली असल्यासारखं. नऊ वर्षांत तिने तीन हेडफोन बदलले, प्रत्येक आधीच्यापेक्षा चांगला, प्रत्येकात अजून एक बारीक आवाज ऐकू यायचा जो आधी कधी ऐकू आला नव्हता. दारावर कुणी वाजवलं तर कळायचं नाही. एकदा शेजारच्या गल्लीत आग लागली, बंब येऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी गल्लीच्या मंडळाची सूचनापाटी घरोघर फिरत आली तेव्हा तिला समजलं. त्सुजिमुराकाकू रस्त्यात भेटायच्या, वाकायच्या, हवेबद्दल बोलायच्या. "थंडी वाढली, नाही?" "हो, वाढली." मग त्या कमी दिसायला लागल्या. दोन वर्षांपूर्वी गाडी आली आणि त्यांना उत्तरेकडच्या एका वृद्धाश्रमात घेऊन गेली. कानाए तेव्हाही हेडफोन लावून बसली होती.

या जानेवारीत काकूंची भाची हिसायो आली, पन्नाशीची, लाल नाकाची, हातात भेट म्हणून साबणाची पेटी. घर आता विकलं गेलं होतं. एप्रिलात पाडणार, तिथे म्हणे पाहुण्यांसाठी राहण्याची जागा बांधणार. "धूळ होईल, आवाज होईल, आधीच माफी मागायला आले," हिसायो म्हणाली. कानाए म्हणाली, "छे, त्रास कसला." मग बोलण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा हिसायोने इकडे तिकडे बघत म्हटलं, "तुमच्याकडे पूर्वी काहीतरी वाजायचं ना? मोठ्या व्हायोलिनसारखं. आत्या रविवारी आमच्याकडे जेवायला यायचीच नाही त्यासाठी. म्हणायची, तीनला घरी पोचायला हवं. एकदा मी आले तर ही बाई एवढ्या थंडीत बागेकडचं दार उघडं टाकून, खांद्यावर गोधडी घेऊन बसलेली. मी ओरडले, आत्या, न्यूमोनिया होईल! तर म्हणते, ओरडू नकोस, पुढचं ऐकू येत नाही." हिसायो हसली. "भिंतीतून नीट येत नाही म्हणायची, बागेतून येतं." आणि पुन्हा साबणाची पेटी पुढे करून ती निघून गेली.

कानाए दारातच उभी राहिली, मोज्यांतून थंडी वर येईपर्यंत. आधी तिला वाटलं, हिसायो सौजन्याने बोलली असेल; घर पाडणाऱ्याने शेजाऱ्याशी गोडच बोलायचं असतं. मग तिने मनातल्या मनात ते दार पुन्हा ऐकलं. खर्रर्र, खुळखुळ, ठक. उघडताना आणि लावताना तोच आवाज. तांब्याची तार आणि चांदीची तार यांतला फरक डोळे मिटून सांगणारी ती. मुरोता एकदा तिला आडनावाने हाक मारत म्हणाला होता, निवा-सान, तुमच्यासारखे कान दुकानात वर्षातून दोनदा येतात. त्या कानांना हे कळलं नव्हतं. पण कानांचंही सोडा. जानेवारीत, क्योतोच्या जानेवारीत, ज्या घरात मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन बसावं लागतं, तिथे बागेकडचं दार तीन वाजता उघडं असेल कशाला, की जे संगीत सुरू झाल्यावर लावावं लागेल? ते आधीच लावलेलं असतं. जानेवारीत सरकणारं दार फक्त उघडू शकतं. एवढं साधं. लहान मुलाने सांगितलं असतं. आणि ती मात्र नऊ वर्षांपूर्वी वड्यांची पेटी घेऊन गेली आणि एका म्हातारीचा रविवार हिरावून आली.

त्याच आठवड्यात ती भेटायला गेली तेव्हा वृद्धाश्रमाच्या बैठकीच्या खोलीत काकू खिडकीपाशी बसल्या होत्या. खूप लहान झाल्या होत्या, पण डोळे तेच, मागावरचा तुटलेला धागा शोधणारे. कानाए जवळ गेली, वाकली, नाव सांगितलं. काकूंनी उजवा कान पुढे केला. "मोठ्याने. डावा गेला. उजव्यात थोडं उरलंय. वीस माग धडधडायचे एका खोलीत, तुझी आई आणि मी अशा शेजारी, एकमेकींशी बोलायचो ते ओठ बघून. बोल." कानाएने आयुष्यात कधी वरच्या पट्टीत बोललेलं नव्हतं. आईच्या घरात ते शक्यच नव्हतं. तिने घसा साफ केला आणि ओरडली, "काकू, तुम्ही दार उघडत होतात का?" शेजारच्या टेबलावर कागदाचे पक्षी करत बसलेले दोन आजोबा वळून बघायला लागले. काकूंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग तोंड उघडून हसल्या, खालच्या ओळीत दोनच दात. "मग काय लावत होते? जानेवारीत?" "मला वाटलं तुम्ही लावून घेता! आवाजाचा त्रास होतो म्हणून!" "म्हणून ती पेटी आणलीस होय! मला कळेचना, ही कशाची माफी मागतेय. वाटलं, हिला आता संगीताचा कंटाळा आला, आणि कारण काहीतरी द्यायचं म्हणून आली." "तुम्ही सांगितलं का नाही?" "सांगितलं की! म्हटलं, अजिबात त्रास नाही." "तसं तर सगळेच म्हणतात!" "मग मी वेगळं काय म्हणणार होते?" काकू आता खरंच चिडल्या होत्या, आणि त्या चिडण्याने त्यांच्या गालांवर थोडा रंग आला होता. "तू अशी उंबऱ्यात वाकलेली. त्यावर मी म्हणायचं, बाई गं, वाजव, मला आवडतं? म्हणजे माझ्यासाठी वाजव म्हटल्यासारखं. तुझी आई असती तर तिला म्हणाले असते. म्हटलं असतं, अगं तुझ्या पोरीला सांग, एवढं घाबरत घाबरत काय वाजवते. दर रविवारी आवाज कमी कमी. मी आपली दार अजून अजून उघडतेय. शेवटी पायरीवर जाऊन बसले होते बाई मी, बर्फात!"

कानाएने पर्समध्ये रुमाल शोधला, सापडला नाही. ती रडत असावी, कारण एका आजोबांनी कागदाचा पक्षी करायचा निळा कागद तिच्यापुढे सरकवला, नाक पुसायला. काकू म्हणाल्या, "वड्या गोड होत्या. पण एकेक खाताना घशात अडकायची." मग खिडकीकडे बघत, "त्या संगीतात एक जागा होती, मधेच थांबायचं, वाटायचं संपलं. मी प्रत्येक वेळी फसायचे. दार लावायला उठायचे, आणि परत सुरू." कानाए पुढे वाकून त्यांच्या उजव्या कानात ओरडली, "परत ऐकाल?" काकूंनी मान हलवली. "आण. पण लवकर आण. हा कान काही वाट बघणारा नाही."

लवकर. हाच शब्द. आणि त्यानंतर कानाए शनिवारी इथे दुकानात आली, आणि दुसऱ्या शनिवारी, आणि तिसऱ्या. कारण आता प्रश्न साधा राहिला नव्हता. स्पीकर घेतले तर काकूंना एका रविवारी चाकाच्या खुर्चीतून घरी आणता येईल, त्याच खोलीत बसवता येईल. मागावर आयुष्य काढलेल्या बाईला आवाज कानानेच ऐकावा लागतो असं नाही. तो लाकडी जमिनीतून, खांबातून, मांडीच्या हाडातून वर येतो. मुरोताने बोट ठेवायला सांगितलं होतं अक्रोडी लाकडावर: खालचा स्वर आला की सगळं खोकं मांजरासारखं घुरघुरायचं. पण वृद्धाश्रमाची परवानगी, डॉक्टरांची सही, हिवाळ्यातली सर्दी. तिथली बाई फोनवर गोड आवाजात म्हणाली, मार्च सरला की बघू या का? हेडफोन घेतला तर तिथेच नेता येईल, इतरांना त्रास नाही, उरलेल्या कानाच्या अगदी दारात नेऊन आवाज ठेवता येईल. मग कोणता हेडफोन? बंद वाटीचा आवाज कोंडतो, उघड्याचा बाहेर सांडतो. तिने दोन्ही ऐकले. पुन्हा ऐकले. एका कानाने ऐकले. घरी येऊन कागदावर लिहिलं, तिसऱ्या शनिवारी दुसरंच वाटलं. नऊ वर्षांनी ऐकवायचं, तर त्यात काही उणं राहून चालणार नव्हतं. हाही तिच्या स्वभावाचाच भाग. एखाद्या गिऱ्हाइकाची कवळी ती पाच वेळा घासायची, गिऱ्हाईक पातळ भातावर दिवस काढत असलं तरी.

"मग हेडफोनच बरा," मुरोता आता म्हणत होता. "एका कानासाठी हवा तर याच कंपनीची ही नवी मालिका आहे. डावी-उजवी बाजू एकत्र करून एकाच कानात देता येते. कारखान्यात मागणीप्रमाणे बनवतात. तीन आठवडे." मग जरा घुटमळून त्याने गल्ल्याशेजारच्या खोक्याकडे हात केला. "घाई असेल तर आमचा हा रोजच्या वापरातला घेऊन जा तोवर. पैसे नकोत. साधा आहे, पण वाजतो." कानाएने तो साधा हेडफोन पाहिला. गाद्यांना घामाचे डाग, प्लास्टिकची कमान, गिऱ्हाइकांनी हजारदा डोक्यावर चढवलेला. तिने त्यात तबकडीतले दोन-तीन तुकडे ऐकले. खालचा स्वर जाडसर, वरचा काचेवर ओरखडा काढल्यासारखा. मधली ती थांबण्याची जागा, तिथली शांतता, शांतता नव्हतीच ती, बारीक सरसर होती. "नको," ती म्हणाली. "हा नको. त्यांनी शेवटी एकदा ऐकायचं तर नीटच ऐकायला हवं." मुरोता वाकला. त्याने अर्ज भरला. जिना उतरताना तिला हलकं वाटत होतं, बऱ्याच वर्षांनी काहीतरी योग्य केल्यासारखं. सोनोएला फोन करून म्हणालीसुद्धा, "ठरलं बाई एकदाचं." सोनोए म्हणाली, "मग आजच घेऊन जातेस का त्यांच्याकडे?" "तीन आठवडे लागतील." पलीकडे टीव्हीचा हशा ऐकू आला, मग सोनोएचा आवाज, एकदम हळू. "ताई, त्या किती वर्षांच्या आहेत?"

तीन आठवड्यांचे चार झाले. मार्चच्या मध्यावर कानाए बसमधून उत्तरेला निघाली, मांडीवर खोकं, पर्समध्ये लहानसा प्लेयर, त्यात मुरोताने तीच तबकडी उतरवून दिलेली. कामो नदीच्या काठावर पहिल्या कळ्या लाल ठिपक्यांसारख्या दिसत होत्या. बसमध्ये तिने मनात सगळं रचलं होतं: आधी खालचा सूर, मग आवाज हळूहळू वाढवायचा, मग ती थांबण्याची जागा, तेव्हा काकूंचा चेहरा बघायचा. काकू त्याच खिडकीपाशी होत्या. "काकू, मी कानाए!" ती उजव्या कानात ओरडली. मग आणखी मोठ्याने. तिथली मुलगी लगबगीने आली आणि म्हणाली, "मागच्या महिन्यात सर्दी झाली होती हो त्यांना. त्यानंतर उजवाही... तुम्ही पाटीवर लिहा ना, लिहिलेलं वाचतात त्या." कानाएने पाटीवर लिहिलं: कानाए. निवांच्या घरातली. काकूंनी ते वाचलं, चष्मा वर केला, आणि खूप मर्यादेने वाकून म्हणाल्या, "एवढ्या लांबून आलात, किती तसदी घेतलीत." आलात. घेतलीत. मागच्या वेळी ओरडणारी, चिडणारी, वड्या घशात अडकल्या म्हणणारी बाई कुठे गेली ते कानाए त्या चेहऱ्यावर शोधत राहिली. तेवढ्यात चहाच्या भांड्यांची जड गाडी मागून गेली, जमीन किंचित थरथरली, आणि काकूंनी लगेच मान वळवून विचारलं, "कोण आलं?" कानाएला अक्रोडी लाकडाचं ते घुरघुरणं आठवलं. तिने तो विचार तिथेच सोडला. तिने खोकं उघडलं.

कातडं नवं होतं, त्याचा वास आला. तिने पाटीवर लिहिलं: रविवारचं संगीत आणलंय. काकूंनी वाचलं. कळलं की नाही, सांगता येत नव्हतं. कानाएने त्यांचे विरळ पांढरे केस बाजूला केले, उजव्या कानावर गादी नीट बसवली, कमान डोक्याच्या मापाची केली. एवढ्या हलक्या हाताने तिने आईलाही कधी हात लावला नव्हता. मग ती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि प्लेयर हातात घेतला. काकूंनी हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले, मान जराशी कलती केली. "वा," त्या हळूच म्हणाल्या. "किती सुंदर. किती छान वाजतंय."

कानाएचा अंगठा बटणावर होता. तिने ते अजून दाबलं नव्हतं.

"तसं काही नाही, काकू," ती म्हणाली, कौतुकावर जसं म्हणायचं असतं तसं, आणि वाकली. मग तिने बटण दाबलं, आवाज पूर्ण वर नेला, इतका की गादीच्या कडेतून चेलो बाहेर सांडायला लागला आणि पलीकडच्या आजोबांनी हातातला कागद खाली ठेवून इकडे पाहिलं. पहिला स्वर आला. दुसरा आला. काकूंच्या मिटल्या डोळ्यांवर, त्या सभ्य, आभार मानणाऱ्या हसण्यावर, एक रेषसुद्धा हलली नाही.